दहा महिने, दोन ट्रेकिंग पोल आणि माझा उजवा गुडघा

मागच्या डिसेंबरात राजगडावरून गुंजवण्याला उतरताना उजव्या गुडघ्याची वाटी अशी धरली, की शेवटचा तासभर मी तिरकी होऊन एकेक पाऊल टाकत खाली आले. चढताना कधीच त्रास नव्हता. दुखायचं ते उतरताना, आणि मग दोन-तीन दिवस घरचा जिना उतरताना.

त्याआधी वर्षभर माझा उपाय ठरलेला होता. नी कॅप चढवायची आणि निघण्याआधी आयबुप्रोफेनची गोळी घ्यायची. कृपा करून हे कुणी करू नका. दुखणं दबलं की कुठे थांबायचं ते कळत नाही, आणि उन्हात घामाने अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ही गोळी मूत्रपिंडांना घातक ठरू शकते. नी कॅपने ऊब मिळते, धीर येतो. दुखणं तिथेच राहतं.

फिजिओथेरपिस्टनी तपासून सांगितलं की गुडघा झिजलेला नाही, वाटीवर येणारा ताण मांडीच्या आणि कुल्ल्याच्या स्नायूंना पेलत नाहीये. व्यायाम दिले आणि उतारासाठी दोन पोल, म्हणजे दोन्ही हातांनी टेकवत चालायच्या काठ्या, घ्यायला सांगितलं. जानेवारीत अ‍ॅल्युमिनियमची, तीन भागांची, बाहेरून खटक्याने घट्ट होणारी जोडी घेतली. तेव्हापासून बहुतेक रविवारी आतकरवाडीतून सिंहगड, दोनदा राजगड आणि एकदा कात्रज ते सिंहगड, एवढा वापर झालाय.

पहिला महिना वाया गेला, कारण मी पोल म्हाताऱ्या माणसाच्या काठीसारखे धरत होते. मनगटं भरून यायची, गुडघा तसाच. मग नीट शिकून घेतलं. मुठीला लावलेल्या पट्ट्यात हात खालून वर घालायचा आणि मग पट्ट्यासकट मूठ धरायची, म्हणजे भार मुठीवर न येता पट्ट्यावर येतो. सपाटीवर कोपर काटकोनात राहील एवढी उंची. मी पाच फूट दोन इंच आहे, मला १०५ सेंटिमीटर बरोबर बसते. उताराला लागताना ती ११५ करते. पोल आधी खाली टेकवायचा, भार त्याच्यावर द्यायचा आणि मगच पाय. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी १९९९ साली २५ अंशांच्या उतारावर मोजमाप केलं, तेव्हा पोलमुळे गुडघ्यावरचा भार कमाल पाव हिश्श्यापर्यंत कमी झालेला दिसला. हे सगळं हातात बसलं त्या रविवारी मी खाली एसटीच्या थांब्यावर पोचले तरी वाटी गप्प होती. मला रडू आलं होतं.

गडावर दही विकणाऱ्या एक मावशी त्या आधीच्याच आठवड्यात मला म्हणाल्या होत्या, "बाई, पाय आपटताय कशाला, ठेवा की." डोक्यावर पाटी घेऊन त्या शेजारून उतरत होत्या, गुडघे किंचित वाकलेले, पावलाचा आवाज नाही. मी त्यांच्या मागे मागे त्यांच्या चालीने उतरायचा प्रयत्न केला. लहान पावलं टाकायला मी तिथे शिकले.

आता खोट. पावसाळ्यात जुलैमध्ये चिखलाच्या उतारावर डाव्या पोलचा खालचा भाग भार देताच सरकन आत गेला आणि मी कुशीवर पडले. खटक्याचा स्क्रू ढिला झाला होता. आता निघण्याआधी नाण्याने तो घट्ट करते आणि पोल जमिनीवर टेकवून पूर्ण वजन टाकून बघते. घरी आल्यावर तिन्ही भाग सुटे करून पुसून वाळवायचे. एकदा ओले ठेवले तर आत पांढरी भुकटी धरली. जोडणीत तेल घालू नका, पकड जाते.

टोकाच्या रबरी टोप्या पाच महिन्यांत झिजल्या. कातळावर आणि गडाच्या पायऱ्यांवर त्या हव्यातच, नाहीतर लोखंडाहून कठीण असलेलं टोक दगडावर चरे पाडतं, आणि त्या पायऱ्या आपल्या आहेत. चिखलात मात्र टोपी काढली तरच टोक रुततं. घसाऱ्यावर पट्ट्यातून हात बाहेर काढा. अडकलेल्या हाताने पडलं की अंगठा मुरगळतो. राजगडाच्या चोर दरवाज्याच्या वाटेवर पोल मिटून पाठीवर. तिथे रेलिंग धरायला दोन्ही हात मोकळे लागतात.

पोल घेतले आणि व्यायाम सोडला तर पैसे फुकट गेले समजा. एप्रिलमध्ये लग्नसराईत माझे तीन आठवडे व्यायाम बुडाले आणि पोल हातात असूनही सिंहगडाच्या कल्याण दरवाज्याच्या बाजूने उतरताना वाटी पुन्हा बोलू लागली. माझा मुख्य व्यायाम असा: जिन्याच्या खालच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच तीन आकडे मोजत जमिनीला लावायची, गुडघा आत न ढळता पावलाच्या रेषेत ठेवायचा, दहा-दहाचे तीन फेरे, एक दिवसाआड. दुखणं दहापैकी तीनच्या आत असेल आणि दुसऱ्या सकाळी उतरलेलं असेल तर मी चालू ठेवते, नाहीतर तो रविवार पर्वतीच्या टेकडीवर भागवते. गुडघा सुजला, अडकला किंवा पाय टाकताच दगा देऊ लागला, तर मात्र पोल-व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

नव्या टोप्या कालच आणल्यात. नोव्हेंबरात तोरणा करायचाय, वेल्ह्याच्या बाजूने.