बुरशीच्या तयार स्लाइड्सचा सेट: काचा एक नंबर, पुस्तिका फेकून द्या

दहा काचांचा हा सेट घेतला तो बुरशीची पेशी नीट बघायची म्हणून, आणि नुसत्या काचांचं बोलायचं तर पैसे वसूल. काप पातळ, रंग कुठे पसरलेला नाही, कव्हरस्लिपखाली बुडबुडे नाहीत.

सगळ्यात भारी कोप्रिनस या मशरूमची स्लाइड, म्हणजे त्याच्या छत्रीखाली ज्या गिल्स असतात त्यांचा काप. १०एक्सवर नुसत्या पट्ट्या दिसतात, ४०एक्स लावलं की पट्टीच्या कडेला फुगीर पेशी, त्या बेसिडियम, आणि त्यांच्या टोकाला बारीक दांड्यांवर काळपट बीजाणू. तोपर्यंत तंतूंमध्ये (बुरशीचं शरीर ज्या धाग्यांचं बनतं ते) दोन पालकांची केंद्रकं एकाच पेशीत शेजारीशेजारी राहत असतात, न मिसळता, आणि इथे येऊन ती एक होतात, लगेच मिओसिस (गुणसूत्रं निम्मी करणारं विभाजन) होतं आणि चार केंद्रकं चार बीजाणूंत जातात. चारही एकदम फोकसमध्ये येत नाहीत, फाइन नॉब फिरवत बसावं लागतं. (बटण मशरूमचा काप कधी बघितलात तर तिथे चार शोधू नका, बहुतेक बेसिडियमवर दोनच असतात.)

रायझोपस (पावावरची बुरशी) पण छान, तंतूत आडव्या भिंती जवळजवळ नाहीतच त्यामुळे एक पेशी कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली हा प्रश्नच उरत नाही. पेनिसिलियममध्ये त्या भिंती दिसतात, पण भिंतीतलं भोक, ज्यातून आतला रस इकडून तिकडे वाहतो आणि तंतू तुटला की वोरोनिन बॉडी हा पेशीतला बारीक कण जिथे बुचासारखा बसतो, ते बघायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच लागतो. यीस्ट ठीकठाक. पेशी ५ ते १० मायक्रॉनच्या, १००एक्सचं ऑइलवालं ऑब्जेक्टिव्ह असेल तरच मजा.

आता पुस्तिका. बुरशीची पेशी म्हणून चक्क वनस्पतीची पेशी छापलीय, पेशीभित्तिकेला सेल्युलोज लिहिलंय! अहो, बुरशीची भित्तिका कायटिन आणि ग्लुकनची असते, आणि तिच्या आतल्या पटलात आपल्यासारखं कोलेस्टेरॉल नाही तर एर्गोस्टेरॉल असतं, फ्लुकोनॅझोलसारखी औषधं ते एर्गोस्टेरॉल बनणंच अडवतात म्हणून बुरशीची वाढ थांबते आणि आपल्या पेशी बऱ्यापैकी सुटतात. यातलं एक अक्षर नाही त्यात. शिकवायला सेट घेत असाल तर पुस्तिका मुलांच्या हाती देऊच नका. एक स्टार तिथेच कापला.

अजून एक, तंतू वाढतो तो फक्त टोकाला, तिथे भित्तिकेचं सामान आणणाऱ्या बारीक पिशव्यांचा पुंजका असतो, त्याला स्पिट्झेनकॉर्पर म्हणतात, तो दिसेल या आशेने हा सेट घेऊ नका. तो जिवंत तंतूत, फेज कॉन्ट्रास्टखाली (न रंगवता पेशी दाखवणारी मायक्रोस्कोपची पद्धत) बघायचा असतो, या रंगवलेल्या मेलेल्या काचांत नाही.

आणि पेटीचं झाकण सैल आहे, रबर लावून ठेवा.