‘ताई, घाबरू नका’ म्हणत माझं वॉलेट रिकामं केलं

मी ऐरोलीला राहते, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. रविवारी नौपाड्यातल्या दोन दुकानांचं जीएसटीचं काम घेते. त्या रविवारच्या कामाचे तीन वर्षं साठवलेले पैसे, सुमारे १ लाख ४६ हजार रुपये, नोव्हेंबर २०२४ मध्ये एका रात्रीत गेले. ह्यांना सांगायलाच मला आठ दिवस लागले, लिहायला तर कितीतरी महिने. पण माझ्यासारखंच नव्या माणसांचं आजही होतंय, म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

भाच्याने मला टेलिग्रामवरच्या एका क्रिप्टो ग्रुपमध्ये घेतलं होतं. ठाणे, डोंबिवली, पनवेलकडची मुलं, बहुतेक पंचविशीतली. बोलायचे मराठीत, पण निम्मे शब्द मला कळायचे नाहीत. गॅस, ब्रिज, स्लिपेज. विचारलं की ‘डीवायओआर’ एवढंच उत्तर यायचं, म्हणजे तुमचं तुम्ही शोधा. मला तिथे एकच गोष्ट येत होती, टॅक्स. क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर, एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. हे मी कितीतरी जणांना समजावून सांगितलं. कापलेला टीडीएस आयकर खात्याच्या २६एएस या स्टेटमेंटमध्ये कुठे बघायचा, हे रात्री जागून स्क्रीनशॉट काढून दाखवलं. आपण इथल्याच झालो, असं मला वाटायला लागलं होतं.

जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरचं क्रिप्टो चोरीला गेलं आणि तिथल्या लोकांचे पैसे अडकले. तेव्हापासून ग्रुपवर एकच धोशा होता: एक्स्चेंजवर काही ठेवू नका, स्वतःच्या वॉलेटमध्ये घ्या. सल्ला चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. फक्त वॉलेटमध्ये घेतल्यावर पुढे काय करायचं, ते कोणी सांगत नव्हतं. मी दुसऱ्या एका एक्स्चेंजवर १,६४० यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो नाणं) घेतले आणि फोनमध्ये वॉलेटचं अ‍ॅप टाकलं. अ‍ॅपने वॉलेटची चावी म्हणून १२ इंग्रजी शब्द दिले. ते डायरीत उतरवून एलआयसीच्या कागदांबरोबर कपाटात ठेवले. आधी १० यूएसडीटी पाठवून बघितले, पोचले, मग बाकीचे पाठवले.

पंधरा दिवसांनी सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी चाळीस हजार काढायचे होते. यूएसडीटी एक्स्चेंजवर परत पाठवायला गेले, तर अ‍ॅप म्हणे टीआरएक्स अपुरं आहे. माझ्याकडे टीआरएक्स नव्हतंच, ते काय असतं तेही माहीत नव्हतं. रात्री पावणेअकराला ग्रुपवर विचारलं.

खरं उत्तर एका ओळीचं आहे. माझे यूएसडीटी ट्रॉन नेटवर्कवर होते. त्या नेटवर्कवर यूएसडीटी पाठवायचे तर फी, म्हणजे ग्रुपच्या भाषेत गॅस, टीआरएक्स या त्याच्या स्वतःच्या नाण्यात भरावी लागते. वॉलेटमध्ये लाखाचे यूएसडीटी असले तरी टीआरएक्स शून्य असेल तर एक यूएसडीटीही बाहेर जात नाही. काहीशे रुपयांचं टीआरएक्स घेऊन वॉलेटच्या त्याच पत्त्यावर पाठवलं की काम होतं. एवढंच!

ग्रुपवर मला मिळालेली उत्तरं अशी होती: ‘आधी बेसिक शिका, मग पैसे लावा.’ ‘शंभर वेळा झालंय, वर सर्च करा.’ ‘गॅस संपला असेल तर सिलिंडर मागवा मॅडम.’ त्याखाली हसणारे चेहरे. त्यातल्या दोघांना मी महिन्याभरापूर्वी टीडीएस समजावून सांगितला होता. मी फोन उलटा ठेवला आणि भांडी घासायला गेले.

परत आले तर खासगीत मेसेज होता. नाव आणि फोटो ग्रुपच्या अ‍ॅडमिनचा. ‘ताई, घाबरू नका. ग्रुपमधली पोरं अशीच बोलतात, मनावर घेऊ नका. मी बघतो.’

जिथे सगळे एकमेकांना ब्रो आणि मला मॅडम म्हणायचे, तिथे हा ताई म्हणाला. मी किती वेळ तो मेसेज वाचत होते! तो कळव्याचा असल्याचं सांगत होता, सासूबाईंचं ऑपरेशन कुठे आहे ते विचारलं, पैसे सुरक्षित आहेत म्हणाला. मग म्हणाला, वॉलेट नेटवर्कशी सिंक झालेलं नाही, व्हॅलिडेट करावं लागेल. एक लिंक आली. पान हुबेहूब माझ्या वॉलेटच्या अ‍ॅपसारखं, तेच चिन्ह, तोच निळा रंग. तिथे बारा चौकोन होते.

मी थांबले. शब्द कोणाला देऊ नका, असं अ‍ॅपने सांगितलं होतं, ते आठवलं. मी त्याला तसं लिहिलं. त्याचं उत्तर मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे: ‘बरोबर आहे ताई. मला चुकूनही देऊ नका, कोणालाच देऊ नका. फक्त पेजवर टाका, ते एन्क्रिप्टेड असतं.’ जो माणूस मलाच सावध करतोय तो चोर कसा असेल? मी कपाटातून डायरी काढली.

मग म्हणाला, आता अर्धा तास फोनला हात लावू नका, सिंक होऊ द्या. मी झोपले.

सकाळी ठाण्याला जाणाऱ्या लोकलमध्ये, दिघा गावच्या आसपास, अ‍ॅप उघडलं. शून्य. पहिलं काय केलं, तर अ‍ॅपचा पिन बदलला. त्याचा काहीही उपयोग नसतो, हे नव्या माणसाला माहीत असायला हवं. पिन फक्त तुमच्या हातातल्या फोनपुरता. ते बारा शब्द २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून निवडलेले असतात आणि ते ज्याच्याकडे गेले त्याला जगातल्या कुठल्याही फोनवर तुमचं वॉलेट उघडता येतं. शब्द फुटल्याचा संशय आला तर त्याच मिनिटाला नवं वॉलेट उघडून सगळं तिकडे हलवायचं, दुसरा उपाय नाही. ‘सकाळी बघू’ म्हणायला तर अजिबात वेळ नसतो.

ट्रॉनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या ट्रॉनस्कॅन या साइटवर माझ्या वॉलेटचा पत्ता टाकून बघितलं. हे सगळं तिथे उघड दिसतं. ११ वाजून ५२ मिनिटांनी कोणीतरी माझ्या वॉलेटमध्ये ३० टीआरएक्स पाठवले होते. पुढच्याच मिनिटाला १,६४० यूएसडीटी बाहेर गेले होते. मी ज्यासाठी ग्रुपपुढे हात पसरले ती फी त्याने स्वतःच्या खिशातून भरली, माझेच पैसे न्यायला. ती एक ओळ बघून मला ठाण्याच्या दहा नंबर फलाटावर रडू फुटलं.

तिथूनच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला, संध्याकाळी सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली. पैसे कोणत्या बँक खात्यात गेले, हे पुन्हा पुन्हा विचारतात, आणि इथे बँक खातंच नसतं. म्हणून व्यवहाराचा हॅश (त्याचा लांबलचक ओळख-क्रमांक), समोरच्या वॉलेटचा पत्ता आणि वेळ लिहून ठेवा, चॅट पुसू नका. चोराने पैसे एखाद्या एक्स्चेंजवर नेले तर पोलीस त्या एक्स्चेंजला लिहू शकतात. यूएसडीटी काढणारी टेदर कंपनीही एखादा पत्ता गोठवू शकते. पण ते पैसे पुढे सरकण्याआधी व्हायला लागतं. माझे दुपारपर्यंत तीन पत्ते ओलांडून गेले होते. तक्रार अजून चालू आहे, रुपया परत आलेला नाही.

ग्रुपवर सांगितलं तेव्हा खरा अ‍ॅडमिन म्हणाला, आम्ही स्वतःहून कधीच मेसेज करत नाही, ग्रुपच्या वरती पिन करून लिहिलेलं वाचलं नाही का? वाचलं नव्हतं. नीट बघितलं तर त्या माणसाचं युजरनेमच नव्हतं, अ‍ॅडमिनचं युजरनेम त्याने स्वतःच्या बायोमध्ये लिहून ठेवलं होतं. दिसायला सारखंच. नाव आणि फोटो तर कोणीही उचलतं. त्याच दिवशी आणखी तिघांचे मेसेज आले, पैसे परत मिळवून देतो म्हणून, एकाच्या फोटोवर पोलिसांसारखं बोधचिन्ह. आधी १५ टक्के भरा म्हणाले. ग्रुपवर कोण रडतंय हे चोर बघतच असतात.

मी ग्रुप सोडला नाही. आता टीआरएक्सचा प्रश्न कोणी विचारला की मी लगेच उत्तर देते आणि खाली लिहिते, तुम्हाला आता खासगीत कोणीतरी मेसेज करेल, त्याला उत्तर देऊ नका. मागच्या आठवड्यात डोंबिवलीच्या एका मुलाने हेच विचारलं. मी लिहिलं. चार मिनिटांनी त्याचं उत्तर आलं:

‘आला, ताई. तुमचंच नाव आणि तुमचाच फोटो लावलाय.’