गुडघा दुखतोय: व्यायाम, इंजेक्शन की सरळ ऑपरेशन?

आई जिना चढताना काही बोलायची नाही, पण उतरताना आडवी होऊन दोन्ही हातांनी कठडा धरायचा, आधी डावा पाय खाली, मग उजवा त्याच पायरीवर, मग पुढची पायरी, असं सुरू झालं तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. मग एक्सरे झाला, "गॅप कमी झालाय" झालं, आणि घरात जितकी तोंडं तितकी मतं. मावशी म्हणे इंजेक्शन घेऊन टाक, तिच्या मैत्रिणीला दोन दिवसांत फरक पडला, भाऊ म्हणे बदलूनच टाकू एकदाचा, आणि मी आपली व्यायाम व्यायाम करत बसलेली. रोजच्या भांडणाला वैतागून मी मोठमोठे अभ्यास काय सांगतात ते वाचायला घेतलं. मी डॉक्टर नाही, पण तुमच्याही घरी हीच चर्चा चालू असेल तर वाचा.

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या, हे सगळं झिजेच्या संधिवाताबद्दल आहे. सकाळी उठल्यावर तासभर बोटं उघडत नाहीत, दोन्ही हातांचे छोटे सांधे सुजलेत, असं असेल तर तो आमवात असू शकतो आणि त्याचा हिशोबच वेगळा, तिथे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती सांध्याच्या अस्तरावर हल्ला करते आणि औषधं जितकी लवकर सुरू होतील तितका सांधा वाचतो, त्यामुळे व्यायामाने बघू म्हणून महिने घालवू नका. आणि एखादा सांधा अचानक लाल गरम झाला, सोबत ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

दुसरं, एक्सरेला फार घाबरू नका. झिजेची 0 ते 4 ग्रेड जी सांगतात ती पद्धत 1957 सालची आहे, आणि ग्रेड आणि दुखणं यांचा मेळ बसेलच असं नाही, ग्रेड 4 वाली माणसं आरामात फिरताना दिसतात आणि ग्रेड 2 वाली रात्र रात्र तळमळतात. आमच्याकडे तर उजव्या गुडघ्याचा फोटो जास्त खराब होता आणि दुखत होता डावा!

आता मुख्य सामना, इंजेक्शन विरुद्ध व्यायाम. यावर 2020 मध्ये अमेरिकेतल्या सैन्याच्या आरोग्यसेवेत थेट तुलना झाली, 156 लोक, अर्ध्यांना स्टिरॉइडचं इंजेक्शन, अर्ध्यांना फिजिओथेरपी. दुखणं, आखडणं आणि हालचाल मिळून 0 ते 240 असा स्कोअर होता, जितका कमी तितकं बरं. सुरुवातीला दोन्ही गट साधारण 108 च्या आसपास, आणि वर्षाने इंजेक्शनवाले 55.8 वर, फिजिओवाले 37 वर. म्हणजे फरक दोघांनाही पडला, मावशीची मैत्रीण खोटं बोलत नव्हती, पण वर्षाअखेर फिजिओ पुढे. फक्त या लोकांचं सरासरी वय 56 होतं, आमच्या आईसारखी पंचाहत्तरी ओलांडलेली माणसं नव्हती ती, हेही लक्षात ठेवा.

आणि दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घेत राहिलं तर? हे 2017 च्या अभ्यासात पाहिलं गेलं. 140 जणांना दोन वर्षं दर 12 आठवड्यांनी, अर्ध्यांना स्टिरॉइड आणि अर्ध्यांना नुसतं सलाईनचं पाणी. दोन वर्षांनी दुखण्यात फरक नाही, पण स्टिरॉइडवाल्यांची कूर्चा, म्हणजे ती गादी म्हणतात ना ती, 0.21 मिलिमीटर झिजली आणि पाणीवाल्यांची 0.10. आकडे बारीक आहेत, यावरून गुडघा खलास झाला असं म्हणता येत नाही, पण ज्याच्यासाठी घेतोय तो फायदाही नाही आणि झीज जास्त, मग कशाला? माझ्या मते स्टिरॉइडचं इंजेक्शन एकदाच कधीतरी, गुडघा सुजून टम्म झालाय आणि पाऊलच टेकवत नाहीये तेव्हा, ते काही आठवडे आराम देतं आणि तेवढ्यात व्यायाम सुरू करता येतो. डायबेटिस असेल तर नंतर काही दिवस साखर वाढते, ती बघत राहायची. आणि पुढच्या तीन महिन्यांत ऑपरेशन करायचं ठरत असेल तर शक्यतो इंजेक्शन घेऊच नये, इन्फेक्शनचा धोका वाढतो.

"वंगणाचं इंजेक्शन" वेगळं आणि स्वतःच्या रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सचं वेगळं. दोन्ही स्टिरॉइडपेक्षा भारी म्हणून सांगितली जातात. वंगणवाल्याबद्दल 2022 मध्ये 169 ट्रायल्स एकत्र करून पाहिल्या तर खोट्या इंजेक्शनपेक्षा फरक इतका कमी की पेशंटला जाणवणारही नाही. प्लेटलेट्सचा 2021 चा ऑस्ट्रेलियातला अभ्यास 288 लोकांचा, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं, अर्ध्यांना सलाईन. वर्षाने दुखणं दोन्हीकडे जवळजवळ सारखंच कमी झालं आणि कूर्चाही सारखीच.

इथे थोडं थांबते, कारण सगळ्या घोळाचं मूळ इथेच आहे. नुसत्या पाण्याने दुखणं कमी कसं होतं? एक तर हे दुखणं भरती-ओहोटीसारखं असतं, आणि माणूस डॉक्टरकडे जातो ते ऐन भरतीत, मग पुढच्या दोन आठवड्यांत ते आपोआप थोडं उतरणारच असतं, आणि मध्ये जे काही केलं त्याला क्रेडिट मिळतं. वर डॉक्टरने तपासलं, सुई टोचली, कोणीतरी लक्ष दिलं, याचाही परिणाम होतोच. 2006 मध्ये ग्लुकोसामाइनच्या, म्हणजे सांध्यांसाठी म्हणून विकतात त्या गोळ्यांवर 1583 लोकांचा मोठा अभ्यास झाला, त्यात साध्या खोट्या गोळीने सुद्धा 60 टक्के लोकांचं दुखणं निदान 20 टक्क्यांनी कमी झालं होतं! ग्लुकोसामाइन एकूणात त्याच्या पुढे ठळकपणे गेलंच नाही. त्यामुळे "मला फरक पडला" हे खरं असतं, पण कशाने पडला ते एकट्याच्या अनुभवावरून कळत नाही. हे आईला समजावायला मला दोन संध्याकाळी लागल्या आणि तरी तिने डबी संपेपर्यंत गोळ्या घेतल्याच, पैसे दिलेत म्हणून.

बरं मग व्यायाम तरी खोट्या गोळीसारखाच नाही कशावरून? हा प्रश्न भावाने विचारला आणि प्रश्न रास्त आहे, कारण व्यायामाची खोटी गोळी बनवता येत नाही, माणसाला माहीतच असतं आपण उठाबशा काढतोय. 2015 मध्ये 44 ट्रायल्स एकत्र केल्या गेल्या, त्यात 100 पैकी 12 गुणांनी दुखणं कमी झालं, आणि कोर्स संपून दोन ते सहा महिने झाल्यावर फायदा 6 वर आला. म्हणजे चमत्कार नाही, आणि बंद केलं की उतरतं. पण या यादीत दुसरं काय आहे ज्याने दुखणंही कमी होतं, जिनाही सोपा होतो, आणि पोट किडनी कशालाच धक्का लागत नाही? गुडघ्याला सांभाळतो तो मांडीचा पुढचा स्नायू, दुखतं म्हणून बसून राहिलं की तोच आधी वाळतो. आणि कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, तिला पोषण मिळतं सांध्यातल्या पाण्यातून, दाब पडला सुटला पडला सुटला असं झालं की, त्यामुळे "झिजलाय तर वापरू नका" हा सल्ला उलटा आहे.

आईचं असं केलं की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली, वर एक जाड उशी, म्हणजे उंची वाढते आणि उठायला सोपं जातं. हात छातीशी, दहा वेळा उठायचं बसायचं, थोडं थांबून परत दहा, परत दहा. पहिल्या दिवशी सहाव्याला "बास झालं गं" झालं. फिजिओने नियम दिला होता, करताना दुखणं 10 पैकी 4-5 पर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पहिल्यासारखं झालं पाहिजे, नाही झालं तर संख्या कमी करायची, बंद करायचं नाही. साधारण तिसऱ्या आठवड्यात उशी काढली. ज्यांना असं मोजून करायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी ताई ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम आहे, 2016 मध्ये 204 लोकांत 12 आठवडे तुलना केली तर फिजिओइतकाच फायदा निघाला.

वजनाचं मी आईसमोर काढत नाही, पण इथे लिहिते. एक किलो कमी झालं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. 2013 च्या 454 लोकांच्या अभ्यासात आहार आणि व्यायाम दोन्ही करणारे नुसतं एकच काहीतरी करणाऱ्यांपेक्षा पुढे राहिले. आणि 2024 मध्ये वजन कमी करायच्या सेमाग्लुटाइड इंजेक्शनवर ट्रायल आली, लठ्ठपणा आणि गुडघेदुखी दोन्ही असलेल्यांची, तिथे दुखणं 41.7 गुणांनी कमी, खोट्या इंजेक्शनवाल्यांचं 27.5 ने. पण हे सगळं वजन जास्त असेल तरच, किडकिडीत माणसाला याचा काय उपयोग.

गोळी की जेल, यात फार विचार करायची गरज नाही. गुडघ्यासाठी आधी डायक्लोफिनॅकचं जेल, कारण सांधा कातडीच्या जवळ आहे आणि रक्तात औषध फार कमी जातं. खुब्याला जेलचा उपयोग नाही, तो खोल असतो. वेदनाशामक गोळी काम करते, पण म्हाताऱ्या माणसाला अल्सर, किडनी, बीपी, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर रक्तस्राव, ही सगळी भीती, म्हणून डॉक्टरला विचारून, कमी डोस, कमी दिवस. याच वर्गातलं रोफेकॉक्सिब 2004 मध्ये हार्ट अटॅकच्या धोक्यामुळे बाजारातून काढून घ्यावं लागलं होतं. पॅरासिटामॉलचा गुडघ्यावर परिणाम अगदीच किरकोळ. आणि जास्त कडक म्हणजे अफूच्या जातीच्या गोळ्या? 2018 च्या 240 लोकांच्या वर्षभराच्या अभ्यासात साध्या औषधांपेक्षा काडीचाही जास्त उपयोग नाही, उलट त्रास जास्त.

"दुर्बिणीने आतून साफ करून घ्या" असं कोणी म्हणालं तर 2002 चा ह्यूस्टनचा अभ्यास आठवा. 180 लोक, काहींचा गुडघा खरंच साफ केला, काहींचा नुसता धुतला, आणि काहींना फक्त वर चिरा देऊन टाके घातले, आत काहीच नाही. दोन वर्षं पाठपुरावा केला, तिन्ही गटांत फरक नाही. झिजेसाठी हा पर्याय मी यादीतूनच काढला.

राहिलं ऑपरेशन, आणि इथे मला माझं मत बदलावं लागलं. मी समजत होते की व्यायाम नीट केला तर ऑपरेशन लागतच नाही. डेन्मार्कमध्ये 2015 साली गुडघा बदलायच्या लायक झालेल्या 100 लोकांचे दोन गट केले, एकाला ऑपरेशन आणि नंतर व्यायाम, दुसऱ्याला नुसता व्यायाम, आहार, बुटात घालायचे इन्सोल, गोळ्या वगैरे. वर्षाने 100 च्या स्केलवर ऑपरेशनवाले 32.5 ने सुधारले, दुसरे 16 ने. दुप्पट! पण गंभीर त्रास, म्हणजे रक्ताची गुठळी, इन्फेक्शन, आखडलेला गुडघा भूल देऊन वाकवायला लागणं असले प्रकार, ऑपरेशनवाल्यांकडे 24 आणि दुसरीकडे 6. आणि दुसऱ्या गटातल्या 50 पैकी 13 जणांनीच वर्षाच्या आत ऑपरेशन करून घेतलं, म्हणजे बाकीच्यांचं निदान वर्षभर तरी भागलं. तर प्रश्न ऑपरेशनने फायदा होतो का हा नाहीच, होतो, भरपूर होतो. प्रश्न तुमचं दुखणं तेवढी जोखीम घेण्याइतकं आहे का हा आहे.

बदललेला गुडघा किती टिकतो याची धास्ती सगळ्यांना असते. 2019 च्या आकड्यांनुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी साधारण 82 टक्के 25 वर्षं टिकतात. सत्तरीनंतर केलं तर आयुष्यात परत बदलावा लागायची शक्यता साधारण 5 टक्के, पण पन्नाशीच्या सुरुवातीला केलेल्या पुरुषांत ती 35 टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून वय कमी असेल तर थोडं ताणून धरण्यात अर्थ आहे, आणि सत्तरी पार असेल तर "टिकणार नाही" हे कारण बाद. झीज आतल्या एकाच बाजूला असेल तर अर्धाच गुडघा बदलतात का ते विचारा, 528 लोकांच्या तुलनेत पाच वर्षांनी दोन्हींचा निकाल सारखाच होता. आणि ही गोष्ट लपवू नका कोणापासून, साधारण पाचातल्या एकाला ऑपरेशननंतरही बरंच दुखत राहतं. नवा गुडघा म्हणजे विसाव्या वर्षीचा गुडघा नाही.

आम्ही एक्सरे बाजूला ठेवला आणि आईला तीनच गोष्टी विचारल्या. रात्री दुखण्याने जाग येते का, न थांबता किती चालवतं, आणि तीन महिने नियमाने, म्हणजे खरंच नियमाने, व्यायाम केलास का. उजव्याला तिन्ही उत्तरं बरी आली, तो फोटोत जास्त खराब आहे तरी तसाच ठेवलाय. डाव्याला मात्र तीन महिन्यांनंतरही रात्री दोनदा जाग, आणि गल्लीच्या टोकापर्यंत गेली की थांबायचं. तिनेच ठरवलं मग, भावाने नाही आणि मी पण नाही. तारीख पुढच्या महिन्याची आहे, तोपर्यंत खुर्ची चालूच, कारण पाय जितका भक्कम करून आत जाऊ तितकं नंतर सोपं, असं फिजिओ म्हणाला. आणि नंतरही तेच आहे म्हणे, पहिल्यापासून. काल तिने स्वतःच ती जाड उशी माळ्यावरून काढायला लावली.