फॉसॉलॉजी: फाइल वाचते, बिल्ड वाचत नाही

सेबीने ऑगस्ट २०२४ च्या सायबरसुरक्षा चौकटीत महत्त्वाच्या प्रणालींसाठी एसबीओएम, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी, सक्तीची केली. त्यामुळे फोर्ट-बीकेसीतल्या ब्रोकरांना सॉफ्टवेअर विकायचे तर लायसन्सचा रकाना नीट भरावाच लागतो. त्यासाठी सोर्सच्या फाइली वाचून त्यातली लायसन्स शोधणारे फॉसॉलॉजी हे फुकट साधन उत्तम आहे, पण त्याची मर्यादा ओळखून वापरा.

त्याची डॉकर इमेज, म्हणजे कंटेनरमध्ये चालणारे तयार पॅकेज, चालवली की ते ब्राउझरमध्ये पोर्ट ८०८१ वर उघडते. लॉगिन आणि पासवर्ड दोन्ही 'फॉसी'. पासवर्ड लगेच बदला. खरे काम सुट्या कंटेनरवर नको: कंटेनर काढला की आतला डेटाबेस आणि फाइलनिहाय घेतलेले सगळे निर्णय जातात. डॉकर कंपोज वापरून पोस्टग्रेस, म्हणजे त्याचा डेटाबेस, वेगळा ठेवा.

सोर्स अपलोड करताना मंक, नोमोस आणि ओजो हे तिन्ही स्कॅनर लावा. मंक लायसन्सचा मजकूर जुळवते, नोमोस ठरावीक शब्दरचना हुडकते, ओजो एसपीडीएक्सची, म्हणजे लायसन्सचे प्रमाणित लघुनाव देणारी, ओळ वाचते. कॉपीराइटच्या यादीत बराच कचरा येतो, तो हाताने काढावा लागतो. रीयूजची सोय मात्र सोन्यासारखी: पुढच्या आवृत्तीत जुने निर्णय आपोआप लागतात, नव्या फाइलीच तपासायच्या उरतात.

आता मर्यादा. व्हिडिओ केवायसीसाठी एफएफएमपेग ही व्हिडिओ हाताळणारी मुक्त लायब्ररी घेतली आहे समजा. स्कॅनमध्ये एलजीपीएल (सैल अटींचे) आणि जीपीएल (कडक अटींचे) ही दोन्ही लायसन्स दिसतात, कारण सोर्समध्ये दोन्ही आहेत. तुमच्या बायनरीला, म्हणजे सोर्सपासून बिल्ड केलेल्या फाइलीला, कोणते लागू, हे बिल्डआधी दिलेल्या कॉन्फिगरच्या पर्यायांवर ठरते आणि ते फॉसॉलॉजीला दिसत नाही. 'एफएफएमपेग -व्हर्जन' द्या आणि 'कॉन्फिगरेशन'ची ओळ वाचा. तिथे 'एनेबल-जीपीएल' असेल तर बायनरी जीपीएल. एक्स२६४ हा व्हिडिओ एन्कोडर जोडायला तो पर्याय लागतोच. अशी लायब्ररी बंदिस्त प्रोग्रामला लिंक करून ब्रोकरच्या सर्व्हरवर बसवली, की ते वितरण झाले आणि अख्ख्या प्रोग्रामचा सोर्स देण्याची जबाबदारी येते. 'एनेबल-नॉनफ्री' दिसले तर ती बायनरी कोणाला देताच येत नाही.

दोन्ही पर्याय वगळून पुन्हा बिल्ड करा, डायनॅमिक लिंक ठेवा, म्हणजे लायब्ररी प्रोग्रामपासून वेगळ्या फाइलीत राहू द्या. ज्या सोर्सवरून बिल्ड केले तोच टारबॉल (सोर्सची संकुचित फाइल) आणि कॉन्फिगरची पूर्ण ओळ प्रत्येक रिलीजसोबत जपून ठेवा.