युद्धाचा आघात: गोळ्या की बोलून उपचार?

लढाईवरून परतलेला सैनिक रात्री दचकून उठतो, दार आपटलं तरी आडोसा शोधतो. १९८० साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी या त्रासाला पीटीएसडी (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे आघातानंतर मनात टिकून राहणारा ताण) हे नाव दिलं.

गोळ्या घेणं सोपं. सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन यांनी काही आठवड्यांत घबराट, चिडचिड उतरू लागते. पण औषध थांबवलं की त्रास पुन्हा डोकं वर काढू शकतो.

एक्स्पोजर थेरपी, म्हणजे नकोशा आठवणीला सामोरं जात बोलून होणारा उपचार, मात्र कस पाहते. साधारण ८ ते १५ बैठका, प्रत्येक सुमारे दीड तासाची. ज्या आठवणीपासून माणूस पळतो, तीच तो डोळे मिटून तज्ज्ञाला पुन्हा पुन्हा सांगतो, आणि त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकतो. हळूहळू मनाला उमगतं, की ही आठवण आहे, समोरचा धोका नाही. हे सोसणं फार अवघड. अनेक जण मध्येच सोडतात. त्यांना भित्रं म्हणणं हा अन्याय आहे! तरीही माझा कौल थेरपीलाच. अमेरिकेतल्या सैनिक आणि माजी सैनिकांसाठीच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनाही औषधांपेक्षा तिलाच पसंती देतात.

बोलणंच शक्य नसेल, किंवा जवळपास प्रशिक्षित तज्ज्ञ नसेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांनी सुरुवात करावी.