घरकुलाची दुरुस्ती: आधी विचारायचं की नंतर तपासायचं?

नाशिकमध्ये चुंचाळ्यासारख्या घरकुल वसाहतीत पाइप बदलायचे ठरले, की रहिवाशांपुढे दोन वाटा. एक, काम झाल्यावर माहिती अधिकार लावायचा. २००५ च्या या कायद्याने कामाची पाहणी करता येते, साहित्याचे प्रमाणित नमुनेही घेता येतात. फार थोड्यांना हे ठाऊक आहे. पण उत्तराची मुदत ३० दिवस, तोवर ठेकेदाराचं बिल निघून जाऊ शकतं.

दुसरी, निविदेआधीच रहिवासी समिती. वरच्या मजल्यावर पाणी कधी चढत नाही, मोरीचा पाइप कुठल्या सांध्यात गळतो, हे रोज तिथे भांडी घासणाऱ्या ताईंना एस्टिमेट करणाऱ्यापेक्षा नेमकं माहीत असतं. समितीत राजकारण शिरतं, खरंय. तरी मी हीच वाट धरेन, आणि झालेल्या कामाची मापं जिच्यात नोंदवतात ती मोजमाप पुस्तिका समितीने पाहिल्याशिवाय बिल निघू नये, असा आग्रहही.