तक्रार समितीचा फलक लागला, पण वापरता येतो का?

लातूरकडच्या एका महाविद्यालयातल्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीबद्दल. फलक जिन्याजवळ, अक्षरं ठळक; पण त्यावरचा मोबाइल नंबर गेल्या वर्षीच्या अध्यक्षांचा. तक्रारपेटी तर प्राचार्यांच्या केबिनसमोर, शिपायाच्या नजरेत. तिथं कोणती मुलगी चिठ्ठी टाकेल?

जागृतीचा तास मात्र मनापासून आवडला. ‘मस्करीच केली’, ‘ती हसली म्हणजे चालतंय’ असं मुलं सहज म्हणतात; मॅडमनी कुणाला न झापता ती वाक्यं फळ्यावर लिहून एकेक सोडवली. पण वेळ ४० मिनिटं, शिवाय सगळे एकत्र, म्हणून मुली गप्पच.

मुदती तिथं कुणी सांगत नाही. घटनेपासून ३ महिन्यांत लेखी तक्रार द्या. सबळ कारण असेल तर आणखी ३ महिने मिळू शकतात. ७ दिवसांत प्रत समोरच्याकडे, त्याचं उत्तर १० दिवसांत, चौकशी ९० दिवसांत. तारीख, जागा, साक्षीदार लिहा, स्क्रीनशॉट जोडा, सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हलू नका.

प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर समितीत निवडून आलेले ३ विद्यार्थी लागतात. इथल्या यादीत एकही नाही. उलट विभागप्रमुख सदस्य आहेत, जे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५ च्या नियमांत बसतच नाही.